वांगं हातात घेऊन मग भाजी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशकात पाथर्डी फाट्याकडे नवं घर, मागे थोडी मोकळी जागा. तिथे वांग्याची चार-पाच झाडं, दोडका आणि गिलक्याचा (घोसाळ्याचा) वेल, थोडे टोमॅटो, भेंडी, आंबट चुका. झाडं छान धरली आहेत, पण भाजी जमत नाही. भरल्या वांग्यांचा कधी लगदा होतो, तर कधी मसाला शिजतो आणि वांगं आतून कचकचीत राहतं. मध्येच एखाद्या दिवशी कडवट लागतं. सासू-सासऱ्यांसाठी तेल कमी ठेवायचं आहे आणि वांगं तर तेल पिऊन टाकतं. मुलं ताटात बाजूला काढून ठेवतात. त्यात माल एकदम निघतो, शेजारी वाटूनही उरतो. मसाले बदलून झाले, कृती बदलून झाल्या, फरक पडला नाही.

ताई, मी इंदिरानगरात बरीच वर्षं डबे देते आणि घरामागे जमेल तेवढी भाजी लावते, त्यामुळे हे सगळं माझ्या रोजच्या हाताखालचं आहे. तुमचा मसाला चांगलाच असणार. अडचण तोडणीत आहे आणि तोडलेला माल न निवडता कढईत जातो त्यात आहे.

गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात गेलात तर भरायची वांगी एका ढिगात असतात, भरताची दुसऱ्या. निवडीचं काम शेतकऱ्याने आणि विकणाऱ्याने आधीच केलेलं असतं. म्हणून आपण घरून ‘आज भरली वांगी’ असं ठरवून निघतो आणि ते जमतं. घरच्या झाडावर मात्र एकाच दिवशी लिंबाएवढं कोवळं वांगं, पेरूएवढं पोसलेलं वांगं आणि पानाआड राहून गेलेलं जून वांगं असं तिन्ही असतं. तिन्ही एका कढईत घातली की कोवळं विरघळतं, जून तसंच राहतं, आणि आपण मसाल्याला दोष देतो. परसातल्या भाजीचा क्रम उलटा ठेवा. आधी तोडा, हातात घेऊन बघा, वयाप्रमाणे वेगळं करा आणि मग त्या दिवशीचा पदार्थ ठरवा.

वय ओळखायचं कसं, तर सालीची चकाकी ही पहिली खूण. चकाकतं आहे तोवर वांगं कामाचं. साल मंदावली, जांभळ्यावर तपकिरी-पिवळट झाक आली की आत बी धरलेलं आहे असं समजा. दुसरी खूण अंगठ्याची. हलकेच दाबा. खड्डा लगेच भरून आला तर उत्तम, खळी तशीच राहिली तर वेळ निघून गेली. तिसरी खूण वजन. आकाराच्या मानाने हलकं लागणारं वांगं आतून पोचट झालेलं असतं, पण त्याला एक अपवाद आहे, तो भरताच्या वेळी सांगते. देठाची टोपी हिरवी, ताठ आणि वांग्याला घट्ट बसलेली हवी. कापल्यावर बी पांढरं, मऊ असेल तर काही बघायचं नाही. बी तपकिरी दिसलं तर तो कडवटपणा शिजवून जात नाही.

चार-पाच दिवसांनी झाडाखाली वाकून, पानं बाजूला करून बघायचंच. देठ ओढू नका, कात्रीने थोडा देठ ठेवून कापा. एखादं जून वांगं ‘राहू दे, मोठं होतंय’ म्हणून सोडलं तर झाड आपली ताकद त्याच्या बियांत घालतं आणि नवी फळधारणा मंदावते. कोवळी वांगी हवी असतील तर जुनं काढत राहावं लागतं.

कडवटपणाला वयाशिवाय दुसरं कारण पाण्याचं आहे. एप्रिल-मेच्या उन्हात दोन दिवस पाणी चुकलं, मग भरभरून दिलं, असं झालं की वांगी कडवट होतात, त्यांची सालही जाड होते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे, विशेषतः निफाडच्या बाजूला, पारा फार खाली जातो तेव्हा झाड थांबल्यासारखं होतं. फळ लहान दिसतं, म्हणून आपण आणखी वाट बघतो, पण ते आतून जून होत असतं. थंडीत आकारावर जाऊ नका, चकाकीवर जा.

आता किडीचं, कारण त्याचा संबंध थेट पातेल्याशी आहे. वांग्यावर भोक दिसलं की आपण ते टाकून देतो आणि बिनभोकाचं निश्चिंतपणे अख्खं भरतो. शेंडे आणि फळ पोखरणारी अळी अगदी बारीक असताना टोपीखालून किंवा सालीतून आत शिरते आणि ती वाट पुढे बुजून जाते. आपल्याला दिसतं ते मोठं भोक बहुतेक वेळा अळी बाहेर पडल्याचं असतं. म्हणून बिनभोकाच्या वांग्यातही अळी सापडू शकते. भरल्या वांग्याला चीर देताना उघडून उजेडात बघायचं, भरताच्या वांग्याला भाजण्याआधी एक उभी खोल चीर द्यायची. झाडावर शेंडा मान टाकून वाळलेला दिसला तर तो खालून कापून नष्ट करा, अळी त्यात असते. एवढं नेमाने केलं तर चार-पाच झाडांना फवारणीची वेळ सहसा येत नाही.

कापणं फोडणीच्या वेळेलाच. वांग्यातली द्रव्यं हवा लागली की काळी पडतात आणि लोखंडी विळीवर तर हे आणखी वेगाने होतं. विळी वापरायची असेल तर खाली मिठाच्या पाण्याचं पातेलं ठेवा, फोड थेट पाण्यात पडली पाहिजे. पण तासभर भिजत ठेवू नका, वांगं पाणी धरतं आणि भाजी पचपचीत होते. दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली.

तेलाच्या प्रश्नाचं मूळही वांग्याच्या आतच आहे. गर स्पंजासारखा असतो, त्यात हवेच्या बारीक पोकळ्या असतात. गरम तेलात कच्ची फोड टाकली की त्या पोकळ्यांत तेल शिरतं, कढई कोरडी दिसते आणि आपण आणखी तेल ओततो. पोकळ्या आधी बसवल्या की तेल शिरायला जागा राहत नाही. त्यासाठी फोडींना मीठ चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि सुटलेलं पाणी हलक्या हाताने पिळून काढा. नाहीतर चाळणीत पाच-सहा मिनिटं वाफवून घ्या. डब्याच्या भाजीला मी वाफवण्याची वाट धरते, कारण त्यात मीठ हाताशी राहतं. वाफवलेली अर्धा किलो वांगी दोन चमचे तेलात व्यवस्थित होतात. मिठाची पद्धत वापरलीत तर पुढे भाजीत मीठ चाखूनच घाला.

भरली वांगी करायची तर लिंबाएवढ्यापासून लहान पेरूएवढ्यापर्यंतची, सगळी एका वयाची घ्या. तेवढी निघाली नसतील तर त्या दिवशी भरली वांगी करू नका, एवढंच. अर्धा किलोला अर्धी वाटी जाडसर दाण्याचा कूट, पाव वाटी सुकं खोबरं किसून भाजलेलं, दोन चमचे भाजलेले तीळ, दोन मध्यम कांदे तव्यावर किंवा जाळावर काळपट भाजलेले, आठ-दहा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, कोथिंबीर, दोन लहान चमचे काळा मसाला, लागेल तसं तिखट, मीठ आणि सुपारीएवढा गूळ. कांदा, लसूण, आलं, खोबरं वाटायचं. कूट आणि तीळ वाटायचे नाहीत, वरून मिसळायचे, नाहीतर मसाल्याला तेल सुटून तो चिकट होतो आणि पातेल्याला लागतो.

काळ्या मसाल्याबद्दल थोडं. आपल्या नाशकात उन्हाळ्यात मिरची, धणे, खोबरं, वाळवलेला कांदा, दगडफूल, तमालपत्र, लवंग, मिरी, बाद्यान असं सगळं भाजून डंखावर कुटून आणतात. त्यात कांदा-खोबरं भाजून पडलेलंच असतं. तो मसाला रश्श्यासाठी आणि मोठ्या जाळासाठी बांधलेला आहे. झाडावरून सकाळी तोडलेल्या कोवळ्या वांग्याला स्वतःची गोडी असते, ती दोन चमच्यांच्या वर मसाला गेला की हरवते. बाजारच्या चार दिवसांच्या वांग्याला तुम्ही जेवढा घालत होता, त्याच्या निम्म्यावर या. मला विचाराल तर घरच्या वांग्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, की मसाला कमी चालतो आणि सासऱ्यांच्या पोटालाही तो बरा.

वांगी फुटतात त्याची कारणं साधी आहेत. चीर देठापर्यंत नेऊ नका, तळाकडून अधिकच्या खुणेसारखी द्या आणि देठाकडचा बोटभर भाग जोडलेला ठेवा. टोपी काढू नका, काटे तेवढे खरवडा. मसाला ठासून भरू नका, उरलेला रश्श्यात जातो. पसरट बुडाचं पातेलं घ्या, वांगी एकाच थरात बसली पाहिजेत. तेलात मोहरी, हिंग, हळद, त्यावर वांगी ठेवून मंद आचेवर सगळ्या बाजूंनी साल बदलेपर्यंत परता. मग झाकणावर पाणी ठेवा. त्या पाण्याने झाकण गार राहतं, आतली वाफ तिथे लागून थेंब होऊन खाली पडते आणि भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. पाच-सात मिनिटांनी ते झाकणावरचं गरम पाणीच आत घाला. गार पाणी ओतलं की शिजण्याची लय तुटते, साल आवळते आणि आतला गर मागे राहतो. डाव फिरवू नका, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवा.

आता चिंच, कारण तुमच्या ‘कधी लगदा, कधी कच्चं’ या तक्रारीचा अर्धा उलगडा इथे आहे. आंबट पदार्थ भाजीचं मऊ होणं लांबवतो. वांगी अगदी कोवळी असतील तर चिंचेचा कोळ मसाल्यातच कालवा, वांगी अंग धरून राहतात. थोडी निबर असतील तर आधी पूर्ण शिजवा, देठाजवळ सुरी सहज जाते का बघा आणि मगच चिंच-गूळ घाला. तीच कृती, तेच प्रमाण, पण चिंच केव्हा पडली यावर सगळं बदलतं. टोमॅटोचंही तसंच. बटाटा-वांगं रस्सा करताना टोमॅटो आधी घातला तर बटाटा बराच वेळ कडक राहतो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

हाच नियम ओळखून चुका-वांगं करायचं. पेरूएवढी मध्यम वांगी, ज्यांची भरली होत नाहीत, त्यांना ही भाजी फार शोभते. मूठभर तुरीची किंवा हरभऱ्याची डाळ भिजवून शिजवून घ्या. वांग्याच्या फोडी लसूण-हिरव्या मिरचीच्या फोडणीत वाफवून मऊ करा, त्यात डाळ आणि शेवटी चिरलेला आंबट चुका. चुका दोन मिनिटांत विरघळतो, त्याला शिजवावं लागत नाही. डावाच्या पाठीने घोटा, दाण्याचा कूट घाला, वर लसणाची चुरचुरीत फोडणी. बाजरीची भाकरी त्यात कुस्करून खायची. चुका मात्र अॅल्युमिनियमच्या किंवा उघड्या लोखंडाच्या भांड्यात करू नका, आंबटपणाने भांड्याचा अंश आणि चव भाजीत उतरते. स्टील किंवा कल्हईचं पातेलं घ्या.

रब्बीत सोलाणे आले की चुक्याच्या जागी ते. ओल्या हरभऱ्याचे दाणे तेलावर डाग पडेपर्यंत भाजून निम्मे ठेचायचे, निम्मे अख्खे ठेवायचे आणि वांग्याच्या फोडींबरोबर पातळसर आमटी करायची. भोगीच्या भाजीतही वांगं, सोलाणे, पावटा किंवा वालपापडी, गाजर, बोरं, तीळ एकत्र येतात. जानेवारीच्या मध्यावर परसात आणि शेतात जे काही आहे ते सगळं एका पातेल्यात यावं, असाच त्या भाजीचा बेत आहे. तिथे क्रम एवढाच पाळा, की गाजर-शेंगा आधी आणि वांगं सगळ्यांत शेवटी.

भरताविषयी मी जरा आग्रही आहे. भरताचं वांगं हा वेगळा वाण असतो. मोठं, आकाराच्या मानाने हलकं, कमी बियांचं. हलकेपणाची गोष्ट इथे उलटी लागू होते, तो मघाचा अपवाद हाच. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि तिकडची हिरवट-पांढरी वांगी थंडीत नाशकातही येतात. तुमच्या झाडांची वांगी मांजरी गोट्यासारखी गोल, पांढऱ्या-जांभळ्या रेघांची असतील तर त्यांचंही भरीत होतं, फक्त साल चकाकत असताना काढलेली घ्या. ‘जून झालं, आता भरीत करू’ हा विचार सोडून द्या. जून वांग्याच्या भरतात बिया दाताखाली येतात आणि कडूपणाही लपत नाही.

खानदेशात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजतात, तो धूर गरात मुरतो. शहरात गॅसच आहे, तर तेलाचा हात लावून, आच मध्यम ठेवून, देठाला धरून फिरवत भाजा. मोठ्या आचेवर साल जळते आणि मध्ये पांढरा, रबरी गर राहतो. देठाजवळ दाबून बघा, तो भाग सगळ्यात शेवटी शिजतो. भाजून झालं की झाकून दहा मिनिटं ठेवा, साल सुटी होते. सोलताना पाण्याखाली धरू नका, चव वाहून जाते. बोटं ओली करून सोला. सोललेलं वांगं तिरप्या ताटलीत ठेवून सुटणारं काळपट पाणी निथळू द्या. मिक्सर नको. लाकडी बडगीत ठेचतात तसं हाताने किंवा रवीच्या बुडाने ठेचा, धागे राहिले पाहिजेत.

सटाणा-मालेगावाकडच्या घरांत हिरवं भरीत होतं. हिरव्या मिरच्या वांग्याबरोबरच भाजायच्या, लसणाबरोबर ठेचायच्या, तेलात शेंगदाणे आणि भरपूर कांद्याची पात परतायची आणि त्यात भरीत. हळद नाही, टोमॅटो नाही, काळा मसाला तर नाहीच. दुसरं दह्यातलं, पूर्ण गार झालेल्या भरतात कच्चा कांदा, कोथिंबीर, घट्ट दही आणि वरून मिरची-हिंगाची फोडणी. दही ताटं वाढताना घाला. तुमच्या सासू-सासऱ्यांसाठी मी हेच सुचवेन, तेल एका चमच्याचं काम आहे.

मुलांसाठी काप करा. मोठं पण कोवळं वांगं बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीने गोल कापायचं, मीठ लावून दहा मिनिटं ठेवून पुसायचं, हळद-तिखट-आमचूर चोळायचं, मग तांदळाचं पीठ आणि रवा निम्मे-निम्मे घेऊन त्यात घोळवून तव्यावर मध्यम आचेवर दोन्हीकडून. झाकण ठेवू नका, कुरकुरीतपणा जातो. ज्यांना वांग्याचा बुळबुळीतपणा आवडत नाही त्यांना काप आवडतात. वांगीभातही चालतो, पण तो जुन्या कोलमचा करा. इगतपुरीकडचा इंद्रायणी साध्या वरणाबरोबर अप्रतिम, वांगीभातात मात्र चिकटतो आणि वांगं मोडतो. आणि एखाद्या मुलाचा वांगं खाल्ल्यावर घसा किंवा ओठ खाजत असतील तर तो हट्ट नाही, त्याला वांगं देऊ नका.

बाकी परसाचं. दोडका आणि गिलकं दोन्ही पाण्याची भाजी. पाणी घालायचं नाही, मीठ शेवटी. आधी मीठ पडलं की कढईत तळं साचतं आणि भाजी उकडल्यासारखी लागते. गिलक्यात भिजवलेली मूगडाळ घातली की सुटलेलं पाणी ती घेते. दोडक्याच्या शिरा टाकू नका, तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं, लसूण, मिरची घालून चटणी करा. दोडका, दुधी, काकडी कापल्यावर एक छोटा तुकडा जिभेला लावून बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. कारल्याचा अपवाद सोडला तर कडू लागलेलं वेलफळ शिजवायचं नाही, रस तर काढायचाच नाही. त्यातला विषारी अंश शिजवून जात नाही आणि कडू दुधीच्या रसाने माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत.

भेंडी तोडून पुसायची, धुवायची असेल तर कापण्याच्या तासभर आधी. झाकण नाही, कोकम किंवा लिंबू शेवटी. भेंडीचं टोक बोटाने कट्कन मोडलं तर घ्यायची, वाकलं तर तिच्यात दोरा आला. टोमॅटोचे पिकून लाल व्हायचे हाल होत असतील तर हिरवेच काढा. हिरव्या टोमॅटोची भाजी, दाण्याचा कूट आणि गूळ घालून, आमच्या डब्यात लोक मागून घेतात. गिरणारे-पिंपळगावकडे टोमॅटोचा भर असतो तेव्हा बाजारात लाल टोमॅटो मातीमोल मिळतो, मग परसातला हिरवा खुडायला जीव हळहळत नाही.

उरलेल्या वांग्यांचं. फ्रीजमध्ये आठवडा ठेवण्यात अर्थ नाही. वांगं उष्ण हवेचं फळ आहे, दहा अंशांच्या खालच्या थंडीत ते बिघडतं. सालीला खड्डे पडतात, बी तपकिरी होतं, आणि आपल्याला वाटतं भाजीच कडू होती. ओलसर फडक्यात गुंडाळून ओट्याच्या गार कोपऱ्यात दोन-तीन दिवस ठेवा. त्यापेक्षा जास्त निघाली तर भाजून, सोलून, निथळून तो गर डब्यात घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवा, भरताला महिनाभर चालतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात काचऱ्याही होतात. पातळ चकत्या मिठाच्या पाण्यातून काढून, निथळून, कापडावर कडकडीत वाळवायच्या. मोडल्यावर कट् आवाज आला पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात बुरशी येते. पुढे तळून तिखट-मीठ भुरभुरवा किंवा भिजवून आमटीत घाला.

जून झालेल्या वांग्याचं काय, तर वाण देशी असेल तर झाडावरचं एक सरळ, निरोगी फळ पूर्ण पिवळं होईपर्यंत राखा आणि बी धरा. संकरित रोप आणलं असेल तर बी धरू नका, पुढचं झाड तसं निघत नाही.

सासूबाई चातुर्मास पाळतात असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. मग लागवडीची वेळ त्याप्रमाणे धरा. आषाढी एकादशीपासून घरात वांगं नाही, कांदेनवमीला आधीच्या झाडांची शेवटची वांगी संपवायची. काही घरांत कार्तिकीला सुरू करतात, खंडोबा असलेल्या घरांत चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्यावरच. लावणीपासून फळ हाती यायला साधारण दोन-अडीच महिने जातात. म्हणून रोपं ऑगस्टच्या अखेरीला किंवा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावा, पावसाचा जोर ओसरू लागलेला असतो आणि पहिला तोडा कार्तिकात येतो. आषाढ-श्रावणात त्या वाफ्यात गिलकं आणि भेंडी घ्या. जुनी वांग्याची झाडं मुळासकट काढून टाका आणि नवी रोपं शक्य असेल तर दुसऱ्या वाफ्यात लावा, टोमॅटोच्या जागी नको, त्यांचे रोग एकच आहेत.